गुरांच्या डॉक्टरनं तोडलेला करदोटा

त्या माणसाचा मला अजून राग येतो. तो वारला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसावर राग धरू नये असं माझी आई सांगायची. पण याचं नाव निघालं की तीच दात आवळून बोलायची, तेव्हा या बाबतीत तिचं ऐकायचं मला काही कारण दिसत नाही.

तो आमचा घरमालक होता. तोंडावर मी त्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत असे, ‘तुम्ही’ म्हणत असे. मनात मात्र कायम ‘तो’च. इथंही तसंच लिहितो. आज कागदावर आदर दाखवायचा म्हणजे आणखी एक खोटं, आणि त्याच्यासमोर मी खोटं पुष्कळ बोललो आहे.

लढाईची वर्षं होती. मी नगरला एका कचेरीत कारकून होतो. राहात्याजवळच्या खेड्यातून शिकून बाहेर पडलेला आमच्या घरातला मी पहिला. शहरात बिऱ्हाडाला जागा मिळेना. कुणीतरी सांगितलं की सावेडीच्या वाटेला पेन्शनीत निघालेला एक ढोरडॉक्टर राहतो, त्याच्या अंगणात पत्र्याच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. माणूस विचित्र आहे म्हणून तिथं कुणी टिकत नाही. त्या काळी सावेडीकडं मळे आणि बाभळीच होत्या. मी गेलो. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, वर उघडं अंग आणि डोक्यावर साहेबी टोपी अशा वेषात तो दारात उभा होता. खोल्या दाखवायच्या आधी त्यानं अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली.

“रक्त नाही,” तो म्हणाला. “दात दाखव.”

मी दाखवले. गरजू माणूस काय वाटेल ते करतो.

“घरात कोण कोण?”

“बायको. दीड वर्षाचा मुलगा. आणि आई.”

“आईला दात आहेत?”

“आहेत.”

“म्हणजे भांडखोर असणार. असू दे. खोल्या घे.”

तेव्हापासून मी त्याचा ‘कारकून’ झालो. “ए कारकून!” अशी हाक अंगणाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, रस्त्यानं जाणाऱ्या माणसांनी वळून बघावं इतक्या मोठ्यानं. आईला तो ‘पाटलीणबाई’ म्हणे. आमच्या घरात कधी पाटिलकी नव्हती, हे त्याला माहीत होतं म्हणूनच म्हणे. माझ्या बायकोशी तो बोलत नसे. एकदा मला विचारलं, “ती मुकी आहे का?” मी म्हणालो, “नाही, कमी बोलते.” “मग घरात एक तरी शहाणं माणूस आहे,” तो म्हणाला, आणि हे मला तिच्यासमोर ऐकावं लागलं.

तो ख्रिस्ती होता. आईला ते कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “जागा हाय ना? मग झालं. पानी येगळं भरू.” पण रविवारी तो उपासनेला जात नसे. पाद्रीसाहेबांच्या तट्टाच्या पाठीला खोगीर घासून जखम झाली होती, आणि ती जखम बरी होईपर्यंत मी यांचं प्रवचन ऐकणार नाही, असं त्यानं भर उपासनेत उठून सांगितलं होतं म्हणे. तट्टू पुढं बरं झालं, म्हातारं होऊन मेलंही. हा काही परत गेला नाही.

घासणं, काचणं, सोलवटणं या गोष्टींवर त्याचा फार राग. सारी नोकरी त्यानं गुरांच्या दवाखान्यांत काढली होती, आणि त्याचं म्हणणं असं की जनावराला होणारे निम्मे रोग देव देतो आणि निम्मे मालक बांधतो. ‘बांधतो’ हा त्याचा शब्द. रस्त्यात टांग्याच्या घोड्याच्या छातीवर पट्ट्याची जखम दिसली की हा पुढं होऊन बकल सोडून मोकळा होई. टांग्यात कोण बसलंय, गाडी कुठं निघालीय, काही विचारणं नाही. बाजाराच्या दिवशी एका टांगेवाल्यानं त्याला चाबकाच्या दांड्यानं मारलं. कपाळ फुटून रक्त गळतंय अशा स्थितीत तो घरी आला. आम्ही तिघं धावलो, तर म्हणाला, “बघता काय? गाय व्यायली का माझी?” आणि दार लावून घेतलं. स्वतः मात्र त्यानं एकही जनावर पाळलं नव्हतं. “पाळलं की मालक होतो,” तो म्हणे. “आणि जनावर खोटं बोलत नाही, मालक बोलतो. खांद्यात किडे पडलेला बैल घेऊन येतात आणि सांगतात, कालपासून झालंय.”

अंगणात लिंबाखाली एक दगडी डोण होती, पूर्वी गुरांना पाणी पाजायची. उन्हाळ्याच्या दुपारी तो तीत जाऊन बसे. छातीपर्यंत पाण्यात, डोक्यावर ती टोपी, हातात जुनं वर्तमानपत्र. माझी बायको त्या बाजूनं न जाता घराला वळसा घालून आडावर जायची. मी एकदा धीर करून म्हणालो, “डॉक्टरसाहेब, घरात बायकामाणसं आहेत.”

“मग त्यांना विचार,” तो म्हणाला, “डबक्यात म्हैस बसलेली असली तर वळसा घालतात का?”

अशा माणसाच्या अंगणात आमच्या बाळ्याला इसब झाला.

आधी गुडघ्यांच्या मागं, मग कोपरांच्या आतल्या घडीत, मग हनुवटीखाली मानेच्या वळीत. कातडी लाल आणि खरबरीत झाली. नंतर बारीक पुरळ, आणि पोरानं ते नखांनी ओरबाडलं की त्यातून लस यायची. चैत्र संपत आला होता. पत्र्याखाली बसवत नव्हतं. घामानं जांघा काचल्या होत्या, त्याला धड चालता येत नव्हतं. पाय फाकवून दोन पावलं टाकायचा आणि रडत खाली बसायचा. पण सगळ्यांत वाईट दशा होती ती कमरेची.

कमरेला करदोटा होता. मुलगा झाला की बाराव्या दिवशी त्याच्या कमरेला काळा दोरा बांधतात. आमच्याकडं तो जन्मभर काढत नाहीत. जुना झाला तर आधी नवा बांधायचा आणि मगच जुना सोडायचा, कंबर क्षणभरही मोकळी ठेवायची नाही. करदोटा तोडतात तो एकदाच, माणसाला सरणावर ठेवायच्या आधी. बाळ्याचा करदोटा आईनं स्वतः वळला होता, चांगला जाड, त्यात तांब्याचा ताईत. पोर गुटगुटीत, दोरा पोटाच्या वळीत रुतलेला असायचा, घामानं सदा ओला. त्याच्याखाली लाल पट्टा उठला, मग तो चिघळला.

आईनं जे जे केलं ते मायेनं केलं, हे मला लिहिलं पाहिजे. पण जे जे केलं त्यानं ते पोर आणखी पेटलं, हेही लिहिलं पाहिजे. ती म्हणायची, “आतली उष्णता भाईर पडतीया. दाबायची न्हाई. इसब दाबला की दमा हुतो. माज्या थोरल्या जावंच्या पोराचं तसंच झालं.” म्हणून वर थंड काही लावायचं नाही. उलट रोज लिंबाचा पाला घालून उकळलेलं कढत पाणी, आणि मळ निघावा म्हणून डाळीचं पीठ चोळून चोळून. मग गावाकडून आणलेल्या घोंगडीवर निजवायचं. आणि अंगात नवं झबलं. त्या दिवसांत कापड कंट्रोलचं, मिळेल ते मांजरपाट, खळीनं पुठ्ठ्यासारखं ताठ. पण नातवाला नवं पाहिजे म्हणून आईनं रेशनच्या रांगेत स्वतः उभं राहून आणलेलं. बायको एकदाच म्हणाली, “कढत पाण्यानं जास्त रडतोय.” मी म्हणालो, “आईला कळतं.” यावर ती गप्प बसली. ती गप्प बसते याचा मी किती फायदा घेतला, ते आता कुणाला सांगू?

रडणं अंगणभर जायचं. एक दिवस तो कुंपणापाशी मला आडवा आला.

“काय झालंय त्याला?”

“थोडं घामोळं उठलंय.”

“किती दिवस?”

“कालपासून,” मी म्हणालो.

तो हसला. इतकं घाणेरडं हसणं मी पुन्हा कुणाचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत जायच्या आधी जेवायला बसलो होतो. हा पायांतल्या बुटांसकट थेट चुलीपर्यंत आत आला. आई “आरं, आरं, सैपाक हाय!” म्हणेपर्यंत त्यानं घोंगडीवरच्या बाळ्याचं झबलं वर केलं, कमरेकडं बघितलं, खिशातून वाकड्या पात्यांची कात्री काढली आणि करदोटा तोडला. जखमेभोवतीचे जनावरांचे केस कापायची कात्री होती ती.

आईनं जी किंकाळी फोडली ती मी तोवर फक्त मढं उचलताना ऐकली होती.

“मुडद्या! जित्या पोराचा करदोडा तोडलास! हात झडतील तुजे!”

“झडू देत. आधी हे बघा, पाटलीणबाई.” त्यानं तोडलेला दोरा तिच्यापुढं धरला. दोऱ्याला कातडीचे पापुद्रे चिकटले होते.

“तुमच्यात बांधत न्हाईत, म्हनून आमचा तोडायचा व्हय?”

“आमच्यातलं सोडा. तुमच्यातलं विचारतो. घरी बैल आहेत?”

“हायेत. चार हायेत. त्याचं काय?”

“बैलाला खांदा आला, जुवानं खांदा सोलला, तर पहिलं काय करता? हळद लावता? अंगारा लावता?”

आईनं बाळ्याला उचलून पदराखाली घेतलं.

“सांगा की. बोलायला दात आहेत ना? जू उतरवता. पेरणी अडू दे नाहीतर शेत पड राहू दे, पहिलं जू उतरवता. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच खांद्याला लोणी चोळता. मग नातवाचं जू उतरवायला काय झालं?”

“माजा नातू बैल न्हाई!”

“नाही ना,” तो म्हणाला. “बैल असता तर त्याचे एवढे हाल केले नसते तुम्ही.”

मी खरकट्या हातानं उठलो आणि त्याच्या उघड्या छातीला धक्का मारून त्याला दाराबाहेर काढलं. तोंडाला येईल ते बोललो. तो गेला, पण जाताना त्यानं दोरीवरचं वाळत घातलेलं झबलं ओढलं, हातानं चुरगाळून बघितलं आणि कुंपणापलीकडं फेकून दिलं. “पोत्यात बटाटे भरतात,” तो ओरडला, “पोरं नव्हे!”

दिवे लागायच्या आत आईनं नवा करदोटा वळला. पोराची कंबर मोकळी राहिली तर काय होईल या धास्तीनं दिवसभर तिनं अन्न घेतलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही कचेरीत दिवसभर तेच मनात आणत होतो. इंग्रजी शाळा शिकून मी कचेरीत बसलो, तरी कमरेचा दोरा मनातून सुटला नव्हता. ती त्या चिघळलेल्या पट्ट्यावरून दोरा बांधत असताना बाळ्याचे दोन्ही हात मी धरले. बायकोनं तोंड फिरवलं.

त्यानं सांगितलेलं मला पटलं नव्हतं असं नाही. पटलं होतं, ‘बैलाला खांदा आला’ हे शब्द त्यानं काढताच पटलं होतं. मी शेतकऱ्याचा मुलगा. पण तो माझ्या आईशी ज्या तोंडानं बोलला, त्या तोंडाला बरोबर ठरवणं मला जमत नव्हतं. खरं बोलायचं आणि ते चाबकासारखं ओढायचं, हा त्याचा जन्मभराचा गुन्हा. साध्या शब्दांत सांगितलं असतं, दारातून विचारलं असतं, आईला ‘ताई’ म्हणाला असता, तर ते पोर पुढचे कितीतरी दिवस जळलं नसतं. त्याला एवढं कळत नव्हतं? जनावरांशी तो किती हळू बोलायचा ते मी ऐकलेलं आहे. माणसांशी बोलताना त्याला कसली घाण यायची तोंडात?

नव्या दोऱ्याखाली पाणी सुटलं. अंगात कणकण यायला लागली. बाळ्या आता नीट रडायचाही नाही. कुरकुरत दोन्ही हातांनी कंबर ओरबाडायचा आणि नखांत रक्त घेऊन बसायचा. एका रविवारी आई देवळात गेलेली बघून मी लाज गिळली आणि त्याच्या दारात गेलो.

त्यानं मला टोचून बोलायची संधी सोडली, याचंच मला नवल वाटलं. आतून एक डबा आणला. “बैलाच्या खांद्याला हेच लावतो,” तो म्हणाला. “डांबर आहे, कार्बोलिक आहे. जरा चुरचुरेल. दोरा काढ आणि लाव.”

दोरा काढायची माझी छाती झाली नाही. दोरा बोटानं वर उचलून मी खाली मलम लावलं.

त्या किंकाळीचं वर्णन मला करता येणार नाही. पोराचा श्वासच अडकला, तोंड उघडं, आवाज नाही, अंग काळंनिळं. मग आवाज आला. मी फडकं शोधतोय, वारा घालतोय, तेवढ्यात बायकोनं माझ्या हातून त्याला हिसकावलं आणि ती अंगणात पळाली. पदर कुठं, पाय कुठं, तिला भान नव्हतं. थेट डोणीपाशी गेली. तो नेहमीसारखा डोणीत बसला होता, टोपी घालून, वर्तमानपत्र वाचत. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. त्याच्या गुडघ्यांच्या मधल्या जागेत तिनं बाळ्याला छातीपर्यंत पाण्यात बसवलं आणि ओंजळीनं त्याच्या अंगावर पाणी घालायला लागली.

“हे काय...” तो म्हणाला, आणि त्याला मलमाचा वास आला. तो उभा राहिला. टोपी पाण्यात पडली.

मी मागून आलो होतो. “माणूस आहात का कोण आहात?” मी ओरडलो. “पोर जाळलंत माझं! ढोरडॉक्टर! ढोरं मारून पोट भरलं नाही का तुमचं?” आणखीही बोललो. आईबापावरून बोललो. जन्मात त्याआधी आणि त्यानंतर मी कुणाला तसं बोललेलो नाही.

तो डोणीतून बाहेर आला. चड्डीतून पाणी गळत होतं. बिनटोपीचा तो अगदीच साधा म्हातारा दिसला. त्यानं वाकून बाळ्याची कंबर बघितली.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “बैलाचं कातडं जाड असतं. हे मला कळायला हवं होतं.”

त्यानं माझ्याशी भांडायला हवं होतं. त्यानं तेही केलं नाही, आणि त्याचाही मला संताप आला.

पाण्यात बाळ्याचं रडणं उतरत उतरत हुंदक्यांवर आलं. तेव्हा बायको बोलली, कुणा एकाकडं न बघता, आम्हा दोघांनाही: “भांडताय काय नुसते? जुनं मऊ फडकं आणा. खोबरेल आणा. आणि हा दोरा बघा, पाण्यानं फुगून आणखी आवळलाय.”

आई तेवढ्यात आली होती. हातात अंगाऱ्याची पुडी. तिनं डोणीत बघितलं. ओला दोरा सुजलेल्या मांसात इतका रुतला होता की कडेनं नुसता काळा पट्टा दिसत होता. जुवाखालचे खांदे तिनं आयुष्यभर बघितले होते. मला वाटतं तिला तेच दिसलं.

त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला.

“खबरदार!” आई म्हणाली. “कातर भाईर काढलीस तर! तोडायचा न्हाई.”

ती डोणीवर ओणवी झाली. ओली गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा तिनं तोंड खाली नेऊन दातांनी गाठ धरली. बाळ्यानं तिचे केस मुठीत धरून ओढले. ती तशीच वाकून राहिली. अखेर गाठ सैल झाली. दोरा तिनं असा हलक्या हातानं मांसातून सोडवत काढला की पोर फक्त एकदा कण्हलं. ती उभी राहिली, थुंकली, आणि दोरा त्याच्या नाकापुढं धरून म्हणाली, “तोडला न्हाई. सोडला. ध्येनात ठेव.”

“ठेवतो,” तो म्हणाला.

करदोटा तिनं पाळण्याच्या दोरीला बांधला. “हितनं बी राखंल,” ती म्हणाली. आम्हाला सांगत होती का देवाला, कोण जाणे.

त्यानंतर घरात बायकोचं चालू लागलं. तिनं सगळं आधीच बघून ठेवलेलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं इतकंच. ओलसर जमिनीवर उघडा बसला की पोर कमी खाजवतं, हे तिला माहीत होतं. कढत पाणी बंद झालं, पीठ बंद झालं. नुसता गारठा मोडलेल्या पाण्यानं थोडक्यात अंघोळ, चोळायचं नाही, मऊ फडक्यानं टिपायचं. वळ्या आणि जांघा नीट कोरड्या करायच्या, आणि बाकीचं अंग ओलसर आहे तोवरच त्यावर खोबरेलाचा हात फिरवायचा. नखं अगदी बारीक कापायची. घोंगडी खाटेखाली गेली. आईनं आपलं जुनं, धुऊन धुऊन विरलेलं लुगडं फाडून दिलं. कापडाच्या त्या दुष्काळात तिला दुसरं लुगडं एकच होतं. तो रोज दोन वेळा येऊन बघून जाई, आता बूट दाराबाहेर काढून. मात्र तोंड तसंच.

एकदा मी त्याला विचारलं, “बरा होईल ना?”

“नाही,” तो म्हणाला. “थंडीत जाईल, उन्हाळ्यात परत येईल. मोठा होईल तसा कमी होईल, किंवा नाहीही होणार.”

“आवो, बरा हुईल म्हना की,” आई म्हणाली. “तोंडानं म्हनायला काय जातंय तुमचं?” ती त्याला पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणाली होती.

“मी मालक नाही, खोटं बोलायला.”

यासाठी मी त्याला क्षमा केलेली नाही. ती बाई त्याच्याकडं एका शब्दाची भीक मागत होती. इसब पुढं खरंच दर उन्हाळ्यात आला, कधी कमी, कधी जास्त. मुलगा आता बाप्या झाला तरी चैत्र लागला की त्याच्या कोपरांत लाली उठते. म्हणजे म्हाताऱ्याचं बरोबर होतं. असू दे बरोबर. तरी एक शब्द त्यानं द्यायला हवा होता. पुढं माझी बदली अकोल्याला झाली. तो गेल्याचं तिथं कळलं. मातीला जाता आलं असतं. गेलो नाही. कुणी तरी त्याचं कौतुक करील आणि मला मान डोलवावी लागेल, ही भीती वाटली.

पण एक दुपार सांगायची राहिली. करदोटा सोडला त्यानंतर थोड्याच दिवसांची. कचेरी अर्ध्या दिवसानं सुटली होती. मी भर उन्हात घरी आलो, तर तो डोणीत नव्हता. फाटकापाशी, जिथं सावलीचा टिपूसही नव्हता तिथं, स्टुलावर बसला होता. मांडीवर काठी. समोर रस्त्यावर कल्हईवाला भाता खांद्यावर घेऊन उभा होता आणि हा त्याला शिव्या देत होता. पण त्या शिव्या कुजबुजल्यासारख्या, घशातल्या घशात. कल्हईवाल्यानं हात जोडले आणि तो पाय न वाजवता निघून गेला.

मी फाटक ढकललं. त्यानं काठी आडवी घातली.

“चपला काढ, गाढवा.”

“डॉक्टरसाहेब, मी घरी...”

“हळू बोल. काढ. खिळे ठोकलेत तुझ्या चपलांना, मैलावरून वाजतात.”

मी चपला काढून हातात घेतल्या. जमीन तव्यासारखी तापली होती. चार पावलांवर लिंबाची सावली होती, तिकडं वळलो तर काठी पुन्हा आडवी. “तिथं वाळका पाला पडलाय. पाय पडला की कुरकुरेल. इथंच उभा राहा.”

“किती वेळ?”

“मला काय विचारतोस? त्याला विचार.”

त्यानं हनुवटीनं आमच्या दाराकडं खूण केली. दार उघडं होतं. आत सारवलेल्या जमिनीवर पाणी शिंपडलेलं होतं, त्यावर आईचं लुगडं, आणि लुगड्यावर बाळ्या उघडा, कमरेला काहीच नसलेला, उताणा पडला होता. बायको शेजारी बसून भिंतीला टेकली होती. पंखा तिच्या हातातच थांबला होता, तिचेही डोळे मिटले होते. उन्हाळा लागल्यापासून त्या पोराला दुपारी झोपलेलं मी बघितलं नव्हतं.

पाय पोळत होते. मी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, तर तो डोळे वटारून माझ्या पायांकडं बघायला लागला. माझ्या घराच्या दारात मला उन्हात उभं करायचा याला काय अधिकार? त्याच्या तोंडावर काय काय फेकून मारावं ते सगळं माझ्या ओठांशी आलं होतं. मी ओठ मिटून घेतले. आत बाळ्या हलला. त्याचा हात लुगड्यावरून सरकत पोटाकडं गेला. आम्ही दोघंही श्वास धरून बघत राहिलो. हात पोटावर थांबला, बोटं सैल पडली, आणि तो कमरेकडं गेला नाही.